आर्क्टिक चार: थंड पाण्यातला हा मासा टाकीत वाढवण्यात कितपत अर्थ आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: साल्मनच्या शेतीबद्दल बरंच उलटसुलट ऐकू येतं. त्याऐवजी आर्क्टिक चार हा थंड पाण्यातला मासा जमिनीवरच्या टाक्यांत वाढवला, तर तो खरोखर शाश्वत आणि पौष्टिक पर्याय ठरतो का? तो वाढवतात कसा, घोडं कुठे अडतं, आणि नव्याने यात पडणाऱ्याने आधी काय बघावं?

थंड पाण्यातल्या माशांची उबवणी आणि टाक्यांमधली वाढ हेच माझं बरीच वर्षं काम आहे, ट्राउटचंही आणि चारचंही. आधी उत्तर देतो, कारणं नंतर. हो, चार हा चांगला पर्याय आहे. पण त्यातलं किती श्रेय माशाचं आणि किती शेतीच्या पद्धतीचं, हे वेगळं करून बघायला हवं, कारण वाईट पद्धतीने वाढवलेला चार कुठल्याही वाईट साल्मनइतकाच वाईट असतो. धंदा म्हणून विचार करत असाल तर एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो: लोक टाक्या, पंप, फिल्टर यांच्या चर्चेत रमतात, पण चारच्या शेतीचं गणित बहुतेक वेळा अंड्यांवर फिसकटतं.

मासा कसा आहे ते आधी बघू, कारण पुढचं सगळं त्यावरून ठरतं. शास्त्रीय नाव सॅल्व्हेलिनस अल्पिनस. साल्मन आणि ट्राउट यांच्याच कुळातला. गोड्या पाण्यात आढळणाऱ्या माशांत याच्याइतका उत्तरेला दुसरा मासा सापडत नाही. कॅनडाच्या एल्समेअर बेटावरचं हेझन सरोवर जवळजवळ ८२ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि त्यात मासा म्हणून फक्त चारच आहे. काही चार आयुष्यभर तळ्यात राहतात. काही उन्हाळ्यात नदीतून समुद्रात उतरतात, जेमतेम काही आठवडे भरपेट खातात आणि थंडी पडायच्या आत गोड्या पाण्यात परततात.

हे परतणं महत्त्वाचं. ध्रुवीय समुद्राचं पाणी हिवाळ्यात उणे १.८ अंशापर्यंत जातं, तर या कुळातल्या माशांचं रक्त त्याच्या बरंच आधी, उणे पाऊण अंशाच्या आसपास, गोठू लागतं. शिवाय खाऱ्या पाण्यात शरीरातलं मीठ बाहेर टाकण्याची चारची ताकद ऋतूनुसार बदलते. उन्हाळ्यात ती असते, हिवाळ्यात उतरते. साल्मनला एकदा समुद्रात सोडलं की तो तिथे वर्ष-दीड वर्ष आरामात वाढतो. चारला पूर्ण खाऱ्या पाण्यात हिवाळा काढायला लावला तर वाढ खुंटते आणि मरतूक सुरू होते. म्हणून साल्मनची समुद्रातल्या पिंजऱ्यांची पद्धत चारला फारशी मानवली नाही आणि त्याची शेती जमिनीवर आली. साल्मनवरच्या टीकेतले मोठे मुद्दे, म्हणजे समुद्री उवा (माशांच्या अंगाला चिकटणारे परजीवी), पिंजरे फाटून निसटणारे मासे, पिंजऱ्यांखाली साचणारी विष्ठा, चारच्या बाबतीत फारसे येत नाहीत ते मुख्यतः यामुळे. यात कुणा उत्पादकाचा उदात्त विचार वगैरे नव्हता. माशानेच दुसरा रस्ता ठेवला नाही.

दुसरा गुण गर्दीचा. बहुतेक माशांच्या शेतीत जागा जितकी जास्त तितका मासा सुखी, असं आपण धरून चालतो. चार इथे चकवतो. टाकीत मासे विरळ असले की दांडगे मासे कोपरे अडवतात, इतरांना खाण्याजवळ येऊ देत नाहीत, पंखांचे लचके तोडतात. गर्दी वाढली की ही मुजोरी थांबते, मासे थव्याने एका दिशेला पोहू लागतात आणि वाढ सुधारते. घनमीटरमागे ६० ते १०० किलो मासा ही चारसाठी नेहमीची घनता आहे. ट्राउट ठेवणाऱ्याला हा आकडा ऐकून घाम फुटेल. त्याच्या जोडीला टाकीत गोल प्रवाह हवा. सेकंदाला माशाच्या लांबीच्या एक ते दीड पट वेग असला की मासे प्रवाहाला तोंड देऊन सतत पोहत राहतात, भांडणं कमी होतात, अंग घट्ट भरतं. प्राण्यांच्या कल्याणाच्या दृष्टीने 'कमी घनता म्हणजे चांगलं' असा सरसकट नियम लावणारे लोक चारच्या टाकीपाशी गोंधळतात. मी तरी पंख बघतो. पाठीचा आणि छातीचा पंख अखंड, छातीच्या पंखाची पांढरी कडा स्वच्छ दिसत असेल तर मासे ठीक आहेत. कडा कुरतडलेल्या दिसल्या तर घनता, प्रवाह किंवा खाद्याची वाटणी यांपैकी काहीतरी बिघडलंय.

तापमानाबद्दल एक गैरसमज फार आहे. 'आर्क्टिक' म्हटल्यावर लोकांना बर्फाळ पाणी लागेल असं वाटतं. बोटुकलीची, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांची, वाढ सर्वांत वेगाने होते ती १२ ते १५ अंशांच्या पट्ट्यात. पण ट्राउट जिथे जवळजवळ खाणं सोडतो, तिथे म्हणजे ४-५ अंशांवरही चार खातो आणि वाढतो, हा त्याचा खरा फायदा. वरच्या बाजूला मात्र तो नाजूक आहे. १६-१७ अंशांपुढे त्याची चिडचिड दिसू लागते आणि २२ अंशांच्या आसपास प्राणावर बेततं. आणि प्रजनक माशांना तर १२ अंशसुद्धा जास्त होतात.

आता पाणी. इथे थोडा हिशेब करू, कारण 'शाश्वत' या शब्दाचा बराचसा भार याच हिशेबावर आहे.

माशाला एक किलो खाद्य घातलं की ते पचवताना तो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ऑक्सिजन वापरतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात तो ७ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ द्यायचा नाही असं धरलं, तर दर लिटरमागे वापरायला मिळाले ४.३ मिलिग्रॅम, म्हणजे घनमीटरमागे ४.३ ग्रॅम. एका किलो खाद्यासाठी शंभर घनमीटरच्या आसपास पाणी टाकीतून जायला हवं, म्हणजे एक लाख लिटर! हे पाणी संपत नाही, फक्त टाकीतून वाहून पुढे जातं. तरी असा झरा किंवा विहीर किती ठिकाणी असेल? येणाऱ्या पाण्यात शुद्ध ऑक्सिजन मिसळला की गरज निम्म्याहून खाली येते. मग मर्यादा घालतो तो कार्बन डायऑक्साइड. जेवढा ऑक्सिजन मासा आत घेतो, वजनाने त्याच्या सव्वापटीहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो, आणि तो लिटरमागे १५-२० मिलिग्रॅमच्या पुढे साचला की मासे सुस्तावतात. नवखे लोक ऑक्सिजनचा मीटर घेऊन फिरतात आणि याला विसरतात.

आइसलँड चारच्या शेतीत जगात पहिला आहे त्याचं रहस्य हेच. तिथे ज्वालामुखीच्या खडकातून गाळून आलेलं, वर्षभर एकाच तापमानाचं भूजल मिळतं, भूगर्भातल्या उष्णतेने ते हवं तितकं कोमट करता येतं, आणि वीज जवळजवळ सगळी जलविद्युत व भूऔष्णिक. रेक्यानेस द्वीपकल्पावर तर बोअरमधूनच किंचित खारं, गाळलेलं पाणी येतं, जे मोठ्या चारला छान मानवतं. तिथे पाणी एकदा टाकीतून नेऊन सोडून देणं परवडतं. कॅनडात युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सजवळही चारची जुनी शेती आहे. स्वीडनच्या उत्तर भागात निराळीच तऱ्हा: जलविद्युत धरणांच्या जलाशयांत तरंगते पिंजरे. गोडं आणि थंड पाणी असल्याने चार तिथे टिकतो.

ज्याच्याकडे असा झरा नाही त्याला पाणी फिरवून वापरण्याच्या यंत्रणेकडे, म्हणजे आरएएसकडे जावं लागतं. टाकीतून निघालेलं पाणी आधी फिरत्या जाळीच्या ड्रम फिल्टरमधून जातं. ४० ते ६० मायक्रॉनची जाळी विष्ठा आणि उरलेलं खाद्य अडवते. मग जैविक गाळणी. एक किलो खाद्यामागे सुमारे ३० ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. गाळणीतले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यानंतर पाणी हवेतून खाली पाडून कार्बन डायऑक्साइड उडवून लावायचा, अतिनील दिव्याखालून न्यायचं, ऑक्सिजन भरायचा आणि परत टाकीत. नवं पाणी मग एका किलो खाद्यामागे काही शे लिटर पुरतं. लाखाच्या जागी शेकडो, हा फरक प्रचंड आहे.

पण थंड पाण्यात या जिवाणूंचं काम संथ चालतं. २५ अंशांवर जी गाळणी महिनाभरात तयार होते ती १० अंशांवर दोन-अडीच महिने घेते, आणि तेवढ्याच खाद्यासाठी जास्त मोठी लागते. जिवाणू आपलं काम करताना पाण्याची क्षारता खातात: एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे जवळजवळ सात ग्रॅम, चुनखडीच्या (कॅल्शियम कार्बोनेटच्या) हिशेबात. ती भरून काढायला सोडियम बायकार्बोनेट घालत राहावं लागतं. पण हात सैल सोडून घातलं आणि सामू (पीएच) ७ वरून ८ वर गेला, तर विषारी रूपातला अमोनिया तेवढ्याच एकूण अमोनियातून सुमारे नऊ-दहा पट होतो. म्हणून सोडा थोडा थोडा, दिवसभरात वाटून. एकदम पोतं रिकामं करायचं नाही.

आणि वीज. आरएएसमध्ये एक किलो मासा तयार करायला पाच ते दहा युनिट वीज सहज लागते. मांडणी चुकली तर त्याहून बरीच जास्त. ही वीज कोळशावरची असेल तर पाणी वाचवून हवेत धूर सोडल्यासारखं होतं, आणि 'शाश्वत' म्हणून त्या माशाचं गुणगान करण्याआधी मी दोनदा विचार करीन. जलविद्युत, पवन, भूऔष्णिक यांवर चालणारी टाकी आणि कोळशावर चालणारी टाकी यांतला मासा ताटात सारखाच दिसतो. हिशेबात तो सारखा नाही.

वीज गेली तर काय, हे कागदावर मांडून बघा. घनमीटरमागे ८० किलो मासे आहेत. एक किलो मासा तासाला सुमारे २०० मिलिग्रॅम ऑक्सिजन घेतो. नुकतंच खाल्लं असेल तर त्याहून दीडपट. म्हणजे घनमीटरमागे तासाला १६ ग्रॅम. पाण्यात आहेत १० ग्रॅम, आणि ५ च्या खाली गेलं की संकट. हाती उरली अठरा-एकोणीस मिनिटं, खाल्लेल्या माशांना बारा. एवढ्या वेळात झोपेतून उठून जनरेटर सुरू होत नाही. म्हणून प्रत्येक टाकीला ऑक्सिजन सिलिंडरची वेगळी नळी असते आणि तिचा झडप-स्विच असा की वीज असेपर्यंत तो बंद, वीज गेली की आपोआप उघडा. शेती बघायला गेलात तर मालकाला ही झडप कुठे आहे ते विचारा आणि त्याच्यासमोर मेन स्विच पाडायला सांगा. जो कां-कूं करील त्याच्या शेतीत पैसे गुंतवू नका.

आता अंडी. चारच्या मादीला शरद ऋतूत अंडी परिपक्व व्हायला पाणी सात-आठ अंशांच्या खाली यावं लागतं, आणि त्याआधीचा उन्हाळाही थंड गेलेला असावा लागतो. उन्हाळ्यात प्रजनक १२ अंशांच्या वर राहिले तर अंडी दिसायला ठीक, पण फलन कमी आणि मरतूक जास्त. किलोभर मादीमागे दोन-तीन हजार अंडी मिळतात, चार-पाच मिलिमीटर व्यासाची, पिवळसर ते नारिंगी. ट्राउटमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास अंडी डोळे धरतात, म्हणजे आतल्या जिवाचे डोळे कवचातून दिसू लागतात, आणि आपल्याला त्याचीच सवय झालेली असते. चारमध्ये एका मादीची ऐंशी टक्के आणि शेजारच्या मादीची वीस टक्के असा प्रकार नेहमीचा आहे, आणि सगळी काळजी घेऊनही सरासरी निम्म्याच्या आसपास घुटमळते.

उबवणीचं पाणी चार ते सहा अंश. आठच्या वर जाऊ द्यायचं नाही. पाच अंशांवर अंडं फुटायला साधारण तीन महिने लागतात. फलनानंतर पहिले काही तास अंडी पाणी पिऊन फुगतात. त्यानंतर डोळे दिसेपर्यंतचा काळ असा की ट्रेला धक्का लागला तरी आतला जीव जातो. या काळात पांढरी पडलेली अंडी दिसत असतात, त्यांवर बुरशीची कापसासारखी जाळी चढत असते, आणि तरी हात लावायचा नाही. हात फार शिवशिवतात. जुन्या काळी बुरशीला मॅलाकाइट ग्रीन वापरत. खाण्याच्या माशांत ते आता अनेक देशांत बंद आहे आणि ते योग्यच आहे. फॉर्मेलिन किंवा तत्सम औषध ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या वेळी देतात. कवचातून दोन काळे ठिपके स्पष्ट दिसू लागले की मात्र अंडी मुद्दाम हाताळायची: नळीने एका बादलीतून दुसऱ्या बादलीत हातभर उंचीवरून सोडायची. ज्यात जीव नाही त्या अंड्याचा आतला पडदा फाटतो आणि दुसऱ्या दिवशी ते दुधासारखं पांढरं होतं. ज्यात जीव आहे ते तसंच चकचकीत राहतं. मग पांढरी वेचून काढायची. ट्रेमध्ये उरतात ती सगळी जिवंत, आणि त्यांच्या आत डोळे वळताना दिसतात. विकत मिळतात आणि दूरवर पाठवता येतात ती हीच डोळे धरलेली अंडी, ओल्या थंड डब्यात.

पिल्लं बाहेर आली की पोटाच्या पिशवीतल्या बलकावर काही आठवडे जगतात. पहिलं खाद्य घेणं हा पुढचा चकवा. ट्राउटचं पिल्लू वर येऊन खाद्यावर झडप घालतं. चारचं तळाला बसून राहतं आणि समोरून वाहत आलं तर उचलतं. उथळ ट्रे, मंद प्रकाश, धुळीसारखं बारीक खाद्य दर काही मिनिटांनी चिमूट चिमूट, आणि दिवसातून दोन-तीनदा तळ साफ. खाल्लंच नाही म्हणून जास्त टाकलं की तळ सडतो आणि कल्ल्यांचे आजार सुरू होतात. तळाचं उचलून खाण्याची ही सवय मोठेपणीही राहते. मोठ्या टाकीत ती कामाला येते, कारण खाली बसलेलं खाद्य वाया जात नाही.

पुढचे दोन त्रास सांगून टाकतो. एकाच मादीची पिल्लं वर्षभरात इतकी लहानमोठी होतात की प्रतवारी सतत करावी लागते. आणि काही मासे, विशेषतः नर, विक्रीच्या वजनाला येण्याआधीच वयात येतात. मग वाढ थांबते, मांसाचा रंग उतरतो आणि पोत बिघडतो. यावर हिवाळ्यात प्रकाशाचं वेळापत्रक बदलून माशाचं ऋतूचं घड्याळ फसवतात, आणि दीर्घकालीन उपाय म्हणून निवड पद्धतीने पैदास करतात. स्वीडनमध्ये हे काम १९८० च्या दशकापासून आणि आइसलँडमध्ये होलार इथे चालू आहे. निवडलेल्या वाणाची अंडी आणि कुठल्यातरी तळ्यातल्या रानटी माशाची अंडी यांत दोन वर्षांनी जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. रानटी वाण स्वस्त मिळाला म्हणून घेणं म्हणजे पुढची सगळी वर्षं त्याची किंमत चुकवणं. विक्रीचं वजन एक ते दीड किलो; तिथवर यायला अंड्यापासून दोन ते तीन वर्षं.

रोगांबद्दल फार लांबण लावत नाही. फुरुंक्युलोसिस नावाचा जिवाणूजन्य रोग चारला लवकर धरतो. त्यावर पोटात टोचायची लस आहे. जिवाणूजन्य मूत्रपिंडाचा रोग अंड्यातूनच पुढच्या पिढीत जातो, म्हणून रोगमुक्त प्रमाणपत्र नसलेली अंडी घ्यायचीच नाहीत. भूजल वापरणाऱ्या बंदिस्त शेतीत औषधं फार कमी लागतात, हा चारच्या बाजूचा खरा मुद्दा आहे.

खाद्याकडे वळू. चार मांसाहारी आहे. त्याच्या खाद्यात चाळीस-पंचेचाळीस टक्के प्रथिनं आणि वीसच्या वर टक्के स्निग्धांश असतो. एक ते सव्वा किलो खाद्यात एक किलो मासा होतो. थंड रक्ताचा, पाण्यात तरंगणारा प्राणी असल्याने त्याला शरीर गरम ठेवायला आणि वजन पेलायला अन्न खर्चावं लागत नाही. इथवर छान. पण ती प्रथिनं आणि तेल येतं कुठून? पूर्वी जवळजवळ सगळं मासळीच्या पिठातून आणि तेलातून यायचं, म्हणजे पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँकोव्हीसारख्या लहान माशांतून. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये जगातल्या समुद्री मत्स्यसाठ्यांपैकी ३७.७ टक्के साठे अतिमासेमारीखाली होते, आणि २०२२ मध्ये पाण्यातल्या प्राण्यांचं शेतीतलं उत्पादन ९ कोटी ४४ लाख टन होऊन प्रथमच पकडीच्या पुढे गेलं. शेती वाढली पण खाद्यासाठी समुद्रच उपसत राहिलो तर आपण मिळवलं काय? म्हणून आता सोयाबीनचं प्रथिन, रेपसीडचं तेल, माशांच्या प्रक्रियेतून उरणारी डोकी-काटे-आतडी, किड्यांचं पीठ, सूक्ष्म शेवाळाचं तेल असं मिसळलं जातं. यातलं प्रक्रियेत उरलेल्या भागांचं पीठ मला सर्वांत समजूतदार वाटतं. फेकून देण्याच्या वस्तूचा उपयोग होतो. सोया जंगल तोडून पिकवलेलं असेल तर समुद्रावरचं ओझं फक्त जमिनीवर आलं.

इथेच पोषणाचा प्रश्न येतो. चारच्या शंभर ग्रॅम मांसात साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय ड जीवनसत्त्व, बी-१२, सेलेनियम. आणि ईपीए व डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्लं, शेतीतल्या चारमध्ये बहुधा ग्रॅमभर किंवा त्याहून जास्त. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने प्रौढांसाठी रोज २५० मिलिग्रॅम पुरेसं धरलंय, म्हणजे आठवड्यात दोनदा खाल्लं तरी भागतं. पण ही मेदाम्लं मासा स्वतः फारशी बनवत नाही. मूळ सूक्ष्म शेवाळ बनवतं, ते साखळीतून लहान माशांत येतं आणि तिथून खाद्यात. तेव्हा खाद्यातलं मासळीचं तेल काढून वनस्पती तेल घातलं की मांसातलं ईपीए-डीएचए उतरणारच. स्कॉटलंडच्या शेतीतल्या साल्मनमध्ये २००६ ते २०१५ या काळात ते साधारण निम्म्यावर आलं, ते याच कारणाने. समुद्र वाचवणं आणि ताटात ओमेगा-३ ठेवणं यांची अशी ओढाताण आहे. शेवाळाचं तेल ती सोडवू शकतं, फक्त ते महाग आहे. एक नुस्खा मात्र आहे: माशाच्या आयुष्यातले शेवटचे काही महिने जास्त मासळी-तेलाचं किंवा शेवाळ-तेलाचं खाद्य द्यायचं. मांसात ते बऱ्यापैकी भरून निघतं आणि एकूण तेल कमी लागतं.

मांसाच्या रंगावरून पौष्टिकता ठरवू नका. तो रंग अ‍ॅस्टाझँथिनचा. रानात मासा तो कवचधारी जीवांतून मिळवतो, शेतीत खाद्यात मिसळतात. फिकट चारमध्ये ओमेगा-३ कमी असतं असं काही नाही. पाऱ्याच्या बाबतीत शेतीतला मासा उलट बरा: तो दोन-तीन वर्षांत बाजारात जातो आणि खाद्य तपासलेलं असतं, तर तळ्यातला रानटी चार वीस वर्षांचाही असू शकतो आणि तेवढी वर्षं पारा साठवत आलेला असतो.

घाणीचं काय होतं, हा मला वाटतं सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न. खाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. एक किलो मासा तयार होताना त्यातला चारेक ग्रॅम शरीरात राहतो आणि सहा-सात ग्रॅम बाहेर पडतो. गोड्या पाण्यात शेवाळ माजतं ते बहुतेक वेळा फॉस्फरसनेच. टाकीतल्या शेतीत यातला बराचसा भाग ड्रम फिल्टरवर गाळाच्या रूपात अडवता येतो, गाळ घट्ट करून शेतात खत म्हणून जातो. पिंजऱ्यात तो सरळ तळ्यात जातो. स्वीडनच्या जलाशयांबाबत पिंजऱ्यांची बाजू घेणारे म्हणतात की धरणामुळे ते पाणी इतकं निःसत्त्व झालंय की थोडी भर पडली तर उपकारच. युक्तिवादात तथ्य आहे, पण 'थोडी' म्हणजे किती हे दरवर्षी मोजणारा त्रयस्थ कुणी हवा. निसटण्याचा धोकाही पिंजऱ्यातच जास्त, आणि चारचा ब्रूक ट्राउटसारख्या जवळच्या नातेवाइकांशी संकर होतो, हे स्थानिक तळ्यांसाठी चांगलं नाही. या दोन कारणांनी मी टाकीच्या बाजूने आहे, विजेचा खर्च धरूनही.

चवीबद्दल एक सांगायला हवं. फिरवून वापरलेल्या पाण्यात काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात आणि माशाला ओल्या मातीचा वास लागतो. विक्रीआधी आठ-दहा दिवस किंवा जास्त, स्वच्छ वाहत्या पाण्यात उपाशी ठेवून तो घालवतात. त्यात वजनात तीन-चार टक्के घट येते, म्हणून काही जण हे दिवस कापतात. मातकट वासाचा चार हातात आला तर समजा की ती शेती वाईट असेलच असं नाही, पण शेवटी घाई झाली. कच्चा किंवा अर्धकच्चा खायचा असेल तर उणे २० अंशांवर सात दिवस गोठवलेला घ्यावा. गोळी-खाद्यावर वाढलेल्या माशात परजीवींचा धोका फार कमी असला तरी ही सवय चांगली.

तुम्ही स्वतः सुरू करणार असाल तर क्रम असा ठेवा. आधी वर्षभर पाणी मोजा: तापमान रोज, प्रवाह आठवड्याला, आणि लोह, हायड्रोजन सल्फाइड, सामू, क्षारता प्रत्येक ऋतूत एकदा. भूजलात कित्येकदा ऑक्सिजन जवळजवळ नसतो आणि नायट्रोजन वायू जादा असतो, ज्याने माशांच्या अंगात बुडबुडे होतात. टाकीआधी पाणी हवेतून पाडून घ्यावं लागतं. मग पहिली दोन वर्षं रेनबो ट्राउट ठेवा. तो चुका माफ करतो, अंडी सहज मिळतात, आणि यंत्रणेतली छिद्रं स्वस्तात कळतात. त्यानंतर चारची डोळे धरलेली अंडी निवडलेल्या वाणाची, प्रमाणित केंद्रातून आणा. स्वतःचे प्रजनक पाळायच्या फंदात एवढ्यात पडू नका. त्यासाठी उन्हाळ्यातही थंड राहणारं वेगळं पाणी लागतं आणि ते नसेल तर सगळं मुसळ केरात. गरजेच्या दुप्पट अंडी धरा. पुरवठादाराला गेल्या दोन हंगामांचं डोळे धरण्याचं आणि पहिल्या खाद्यापर्यंत टिकण्याचं प्रमाण लेखी मागा. दोन्ही आकडे वेगवेगळे मागा, कारण पहिला चांगला असून दुसरा वाईट असणारी केंद्रं बरीच आहेत.